तोंडी हुकमाची सत्ता

वरिष्ठाला हाताखालच्या माणसावर जी सत्ता मिळते ती कामापुरती असते. कोणी काय करावे, कधीपर्यंत करावे आणि केलेले काम पुरे की अपुरे, एवढे ठरवण्यासाठी ती दिलेली असते. तिचा गैरवापर सुरू झाला की ती माणसाच्या रजेवर, पगारावर, बदलीवर, मानावर आणि कधी शरीरावरही जाऊन बसते. तापट साहेब आणि सत्तेचा गैरवापर करणारा साहेब यांत गल्लत करू नये. तापट साहेब ओरडतो आणि चहाच्या वेळेपर्यंत विसरतो. दुसरा बहुधा ओरडतच नाही. तो रजेचा अर्ज टेबलावर तसाच पडू देतो.

नोकरीतून काढून टाकणे ही मोठी गोष्ट असते. तिची नोंद होते, तिच्यावर दाद मागता येते, वकील मिळतो. छळ बहुतेक वेळा छोट्या गोष्टींतून होतो आणि या छोट्या गोष्टींचे एक समान लक्षण आहे: त्या कागदावर येत नाहीत. हुकूम तोंडी, नकार तोंडी, धमकी तर तोंडीच. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतले नोकरीविषयक कायदे एका ओळीत लावून पाहिले तर ते मालकाला आणि साहेबाला लिहायला लावण्याचे प्रयत्न दिसतात. एका ठिकाणी लिहिण्याची सक्ती झाली की सत्ता शेजारच्या न लिहिलेल्या जागेत सरकते. बुलढाणा जिल्ह्यात शेती, जिनिंग, ऊसतोड, शाळा, सरकारी कचेरी आणि जंगल ही सगळी कामाची ठिकाणे असल्यामुळे हा प्रवास इथे चांगला तपासता येतो.

जुन्या काळात धन्याच्या सत्तेला मर्यादा नव्हती, आणि चाकराकडे उपाय एकच होता: चाकरी सोडणे. याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात, ज्याची चाकरी केली त्याच निजामशहाच्या दरबारात, मुलांसह त्यांची हत्या झाली. त्यांचे जावई शहाजीराजे यांनी निजामशाहीची चाकरी सोडली आणि ते मोगलांकडे गेले. सरदाराला हे शक्य होते, कारण त्याच्यामागे फौज होती आणि दुसरा धनी त्याला घ्यायला तयार होता. ज्याच्यामागे काहीच नाही त्याला सोडून जाण्याचे स्वातंत्र्य फक्त नावापुरते असते. हा फरक आजही तसाच आहे. दुसरी नोकरी सहज मिळणाऱ्या माणसाचा छळ सहसा फार काळ चालत नाही.

१८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि खामगावची कापसाची पेठ मुंबईच्या बंदराला जोडली गेली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. कापूस यंत्रात घालायचा, सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या. हंगामात हे काम रात्रंदिवस चाले आणि यंत्रापुढे कापूस घालणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा असे. १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा आला. तो शंभर किंवा त्याहून अधिक मजूर असलेल्या कारखान्यांनाच लागू होता आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिनिंगचा हंगामच मुळात तेवढा. म्हणजे कामावरच्या मुलांना किती तास उभे करायचे हे ठरवणारा कायदा देशात होता, पण कापसाच्या मुलखातल्या अनेक जिनांच्या फाटकाशी तो थांबत होता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली, आठवड्याची सुट्टी दिली आणि मजुरांची अट पन्नासावर आणली. या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले होते. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये. आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास ही ओळखीची मर्यादा १९४८ च्या कायद्यातली.

तास ठरले की तासांची नोंद ठेवावी लागते. हजेरीपट, म्हणजे मस्टर, हे कामगाराच्या हातातले पहिले हत्यार. ते मालकाच्या टेबलावर असते ही अडचण सुरुवातीपासूनची. मुकादमाने हजेरी मांडली नाही तर दिवस भरूनही दिवस नसतो. रोजगार हमीच्या कामांवर बोगस मस्टरच्या ज्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या, त्यांचे मूळही इथेच आहे. नोंद कोणाच्या हातात, त्याच्याच हातात सत्ता.

शेतात तेवढीही नोंद नव्हती. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, वर्ष पाडव्याला सुरू होई. वर्षाचे पैसे, वर धान्य किती, कपडे-चपला द्यायच्या की नाही, हे सगळे ओट्यावर बसून बोलण्यात ठरे. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला घेतलेली उचल त्याच वर्षात फिटली नाही की पुढचे वर्षही त्याच वाड्यावर. कामाचे तास नाहीत, गुरांना सुट्टी नाही म्हणून सालदारालाही नाही. सगळे शेतमालक जुलमी होते असे म्हणणे खरे नव्हे. अनेक घरांत सालदार घरातल्यासारखाच राहिला. पण तो तसा राहिला की नाही हे मालकाच्या स्वभावावर होते, सालदाराच्या हक्कावर नव्हे. ऑक्टोबर १९७५ चा वटहुकूम आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा यांनी कर्जापोटी करून घेतलेले सक्तीचे काम बेकायदा ठरवले आणि असे कर्ज रद्द केले. कायदा स्पष्ट आहे. ज्याच्याकडे उचलीचा कागदच नाही त्याने उचल किती होती आणि फिटली किती हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न मात्र राहिला.

हाच प्रश्न ऊसतोडीत अधिक तीव्र होतो. मराठवाड्याला लागून असलेल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. इथला वरिष्ठ मुकादम. तो बहुधा मजुरांच्याच गावातला, कधी नात्यातलाही असतो. त्याने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात, त्यामुळे वरचा त्याला पिळतो आणि तो खालच्याला. कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे मजुरीतून कापले जातात. बाईची पाळी, बाळंतपण, आजारपण हे सगळे खाड्याच्या हिशेबात बसवले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा या खाड्याची चर्चा राज्यभर झाली. छळ करणारा स्वतः कोणाच्या तरी दाबाखाली असतो ही गोष्ट ऊसतोडीत सर्वांत उघडी दिसते, पण ती तिच्यापुरती नाही. बँकेच्या शाखेत वसुलीचे टार्गेट वरून येते आणि शाखाधिकारी ते शिपायापर्यंत पोचवतो. यातून छळाचे कारण समजते. तो माफ होत नाही.

खासगी शाळांचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे कायद्याने मालकाची एक विशिष्ट युक्ती नेमकी हेरली. गावोगाव शिक्षणसंस्था निघाल्या, त्यांनी खेड्यात शिक्षण नेले, हे त्यांचे ऋण आहेच. पण अनुदानित शाळेत पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची, अशी वाटणी झाली. पगार न देणाऱ्याच्या हातात नोकरीची दोरी राहिली. नेमणुकीच्या वेळीच शिक्षकाकडून तारीख नसलेला राजीनामा सही करून घ्यायचा आणि तो कपाटात ठेवायचा, ही त्यातली जुनी रीत. संस्थाचालकाच्या पॅनलचा प्रचार केला नाही, देणगीचा हप्ता चुकला, मुख्याध्यापकपदासाठी संस्थेच्या नात्यातला माणूस आला, की कपाट उघडायचे आणि कागदावर तारीख घालायची. कागद इथे होता, पण तो चुकीच्या हातात होता.

१९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियमाच्या कलम ७ ने राजीनाम्याची पद्धतच बांधून दिली. कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. एवढीशी तरतूद, पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. टपालाच्या शिक्क्यामुळे तारीख तिसऱ्याच्या हातून पडते. स्वतःजवळच्या प्रतीमुळे कपाटातल्या कागदाची मक्तेदारी संपते. पोस्टात कोण गेले हेही महत्त्वाचे ठरते. सक्तीने घेतलेल्या राजीनाम्यांच्या प्रकरणांत शाळा न्यायाधिकरणे आणि उच्च न्यायालय या कलमाकडे बारकाईने पाहतात. काढून टाकलेल्या शिक्षकाला कलम ९ खाली तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

मग सत्ता कुठे सरकली? ती परिवीक्षेच्या काळात सरकली. २००० पासून शिक्षण सेवक योजना आली: तीन वर्षे मानधन आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते. २०२३ पासून ते १६,००० झाले. या तीन वर्षांत तरुण शिक्षक कोणापुढेही मान वर करत नाही, कारण काम समाधानकारक असल्याचा शेरा मिळाल्याशिवाय पुढचे काही नाही. विनाअनुदानित शाळांत तर सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा आकडा, हा प्रकार इतका रुळला की त्याबद्दल बोलताना लोक आवाजही खाली करत नाहीत.

सरकारी कचेरीत चित्र उलटे. तिथे कागद भरपूर आहे आणि त्याचाच धाक आहे. कारणे दाखवा नोटीस, ज्याला कचेरीत सगळे मेमो म्हणतात, ती नियमाप्रमाणे खुलाशाची संधी असते; पण एकाच कारकुनाला महिन्यात चार मेमो निघाले की त्यांचे काम वेगळे असते. फाइल जाड करायची आणि नंतर ती जाडी दाखवून कारवाई करायची. लिहिण्याची सक्ती हा रामबाण उपाय नव्हे, हे इथे मान्य करावे लागते. खरा प्रश्न असा की जे लिहिले ते संबंधित माणसाला वाचायला मिळते का, आणि त्याचे उत्तर तिसरा कोणी वाचतो का.

गोपनीय अहवालाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. वरिष्ठाने वर्षाअखेरीस शेरा लिहायचा, ज्याच्याबद्दल लिहिला त्याला तो कळायचा नाही, फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे, अशी वहिवाट होती. देवदत्त नावाच्या सीमा रस्ते संघटनेतल्या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. तो प्रतिकूल नाही म्हणून कळवला गेला नाही. बढतीला मात्र ‘खूप चांगला’ हा किमान निकष होता. नाव स्तुतीचे आणि परिणाम शिक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. शेरा लिहिणाऱ्याला वाचणारा समोर दिसू लागला की लेखणी आपोआप जपून चालते.

बदली हे साहेबाचे सर्वांत आवडते शस्त्र, कारण कायद्याच्या भाषेत ती शिक्षा नसतेच. जिल्ह्यातल्या घाटावरचा माणूस घाटाखाली, मुलाच्या दहावीच्या वर्षी देऊळगावराजाहून संग्रामपूरला, एवढे पुरते. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कालावधी ठरवला, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करायच्या असे सांगितले आणि मुदतीपूर्वी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेण्याची अट घातली. ‘प्रशासकीय कारण’ हे दोन शब्द लिहिले की भागते असा समज त्यानंतरही टिकून आहे. निलंबनाचेही तसेच. चौकशी होईपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून केलेले निलंबन वर्षानुवर्षे चाले. दोषारोपपत्र न देता ते तीन महिन्यांपलीकडे चालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले. त्याआधी २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात याच न्यायालयाने तोंडी आदेश नोंदवून घेण्याचा आग्रह धरला. आता तोंडी आदेशाची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. रात्री साडेदहाला कार्यालयाच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर एकाचा पाणउतारा होतो आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. हा निदान पुरावा तरी आहे. हुशार साहेब तो संदेश सकाळी पुसतात.

दाद मागायला जायचे कुठे, हेही पाहिले पाहिजे. बुलढाण्याचा सरकारी कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठही नागपूरचेच. ते तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ त्याच्या निम्म्या अंतरावर, पण बुलढाणा त्याच्या कक्षेत नाही. तारखेला जायचे तर रजा हवी, आणि रजा मंजूर करणारा तोच साहेब.

जंगल खात्याचे उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, पण बुलढाण्याला परके नाही; संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातल्या हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी सरकारी निवासस्थानी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चार पानी पत्रात त्यांनी उपवनसंरक्षक दर्जाच्या वरिष्ठावर आरोप केले: रजा न देणे, लोकांसमोर अपमान, अवेळी बोलावणे, गरोदर असताना जंगलात पायी फिरायला लावणे, वेतन अडवणे. त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे वेळोवेळी गाऱ्हाणे मांडूनही उपयोग झाला नाही, असेही पत्रात होते. संबंधित उपवनसंरक्षकाला अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. पण पत्रातली यादी वाचली तर त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट सुटी घेतल्यास किरकोळ वाटते. रजा नाकारणे हा गुन्हा नाही. रात्री गस्तीला बोलावणे हे जंगलात नवल नाही. या गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच हातून, लागोपाठ घडतात तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो, आणि हा अर्थ टिपणारी कोणतीही नोंदवही कचेरीत ठेवलेली नसते.

मृत्यूनंतर फौजदारी कायदा येतो, पण त्याची कसोटी कडक आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०८, यांखाली आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा हेतू आणि थेट कृती दाखवावी लागते. २०२४ मध्ये निपुण अनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वरिष्ठ-कनिष्ठ असे केवळ कामाचे नाते असेल तिथे ही कसोटी अधिक काटेकोरपणे लावली पाहिजे. न्यायालयाचे म्हणणे अवाजवी नाही. काम मागणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला तुरुंगाची भीती घालून कचेरी चालणार नाही. कामचुकार माणूस प्रत्येक हुकमाला छळ म्हणतो हेही खोटे नाही. म्हणूनच पारख लवकरच्या टप्प्यावर व्हायला हवी: हाच नियम शेजारच्या टेबलालाही लावला का, कारण लिहून दिले का, आणि हुकमाचा कामाशी काही संबंध होता का.

लैंगिक छळाच्या बाबतीत ही लवकरची व्यवस्था कायद्याने उभी केली. राजस्थानातल्या एका साथिनीवरील, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्तीवरील, अत्याचारानंतर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे आणि ती आणखी तीन महिने वाढवता येते. मेहकरच्या कापड दुकानात काम करणाऱ्या मुलीला दुकानाबाहेरचे दार उपलब्ध आहे, ही या कायद्याची सर्वांत मोलाची गोष्ट. समितीचे अध्यक्ष कोण आणि बसते कुठे हे त्या मुलीला ठाऊक असणे मात्र कायद्याने घडत नाही.

खासगी कारखान्यांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा केला; तो १९७५ मध्ये अमलात आला. त्याची चौथी अनुसूची म्हणजे मालकांच्या युक्त्यांची यादीच आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे, माणसाला वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे, ही त्यातली काही कलमे. तक्रार नव्वद दिवसांत करायची. कामगार संघटना असलेल्या ठिकाणी या कायद्याने खूप दिले. जिथे संघटना नाही तिथे बहुतेकांना त्याचे नावही माहीत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले. खामगाव किंवा मलकापूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा-दहा वर्षे काम करूनही ज्याच्याकडे नोकरीचा एकही कागद नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट ठरू शकते. दुसऱ्या बाजूने स्थायी आदेशांची, म्हणजे शिस्त, रजा, निलंबन आणि बडतर्फीच्या लेखी नियमांची सक्ती आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. १९४६ च्या कायद्यात ही मर्यादा शंभर होती आणि महाराष्ट्राने ती पन्नासावर आणली होती. जिल्ह्यातल्या बहुतेक जिनिंग, तेल आणि डाळ कारखान्यांत तीनशे माणसे नसतात. तिथे नोकरी लागल्याचा कागद मिळेल. मेमो कधी द्यायचा, चौकशी कशी करायची आणि रजा कोणत्या कारणाने नाकारायची, हे पुन्हा मालकाच्या तोंडी राहील.